खड्ड्यातला आवाज

"तर मंग तिले काय बोलू, मास्तर? येवढंच सांगा."

नरेश नाकाडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. सोमाजी मास्तर अंगणात खाटेवर बसून लाखोळीची भाजी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नरेश म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतला आजचा पहिल्या नंबरचा नट. दिवाळी ते होळी एक रात्र रिकामी नाही. वडशाला स्वतःच्या नाटकमंडळीचं ऑफिस, दारावर स्वतःचाच पुरुषभर फोटो. तारखा तोच देणार, नट तोच ठरवणार, आयोजकांची मनधरणी तोच करणार. एवढं सगळं केल्यावर घराच्या वाट्याला जे उरायचं, ते घोरायचं.

आणि सोमाजी मास्तर म्हणजे प्रॉम्प्टर. मंचापुढच्या खड्ड्यात बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाक्यं घातली. इकडे तालमीला वेळ आहे कुणाला? आज एक गाव, उद्या दुसरं. खड्ड्यातून वाक्य येतं, नट ते उचलतो, आणि ज्यांना रडायचं ते रडतात. नरेशची अठरा वर्षं मास्तरांच्या आवाजावर गेली. आता त्या आवाजाची नुसती कुजबुज उरली होती.

"वर्षा माहेरी गेली जी. सिंदेवाहीले. पोरीले घेऊन."

"हं."

"आज दिवस बुडाच्या आत या म्हनते. नाही तर पुन्हा येऊच नका म्हनते."

"झालं काय पन?"

नरेशनं चप्पल काढली, पुन्हा घातली. हजारोंच्या गर्दीपुढे न बुजणारा गडी, पण इथं त्याला लाज वाटत होती.

"तिनं इचारलं, आमी दोघी तुमाले पायजे का नाही, येवढं सांगा..."

"मंग?"

"मंग मी थांबलो."

"काहून?"

"मान खाली गेली जी. पुढच्या अंगाले. फरशीकडे. मी वाट पायली..."

कसली, ते मास्तरांना सांगायला नको होतं. खड्ड्यातून वाक्य येण्याची वाट! आपल्याच घरात, आपल्याच बायकोपुढे. वर्षानं लग्नाआधी दोन हंगाम याच मंडळीत कामं केली होती. ती नजर तिला कळणार नाही तर कुणाला? तिनंही थोडा वेळ वाट पाहिली. मग पोरीची पिशवी भरली.

मास्तरांच्या हातातली काडी थांबली.

"तिले काय बोलनार, ते म्हनून दाखव. समज, मीच वर्षा."

नरेश उठला. केसांतून हात फिरवला.

"वर्षा! अगं, तुझ्यावाचून हे घर नुसत्या चार भिंती आहेत. मी चुकलो. या पायांशी मी माझा सगळा लौकिक ठेवतो. पण तू चल...!"

डोळ्यांत पाणीही वेळेवर आलं. बोअरिंगवर हंडा भरणारी बाई हात थांबवून बघत राहिली.

"टाळी पडते," मास्तर म्हणाले.

नरेशचा चेहरा खुलला. इतकं होऊनही खुलला. "मंग हेच बोलू?"

"पोरगी केवढी झाली?"

"नऊची."

"हातानं दाखव."

नरेशनं हात पुढे केला. कमरेशी धरला. मग थोडा वर नेला. पुन्हा खाली आणला... हात कुठं थांबवावा ते त्याला कळेना. तो घरी यायचा तेव्हा पोरगी झोपलेली असायची, आणि ती शाळेत जायची तेव्हा तो. झोपलेल्या लेकराची उंची कळत नाही.

मास्तर उठले. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि हात छातीपर्यंत वर नेऊन ठेवला.

"दिवाळीले पाया पडाले आल्ती. मायसंगं."

हात तिथंच राहिला. नरेश त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. हे रडणं वाईट होतं. नाक गळत होतं. बोअरिंगवरच्या बाईनं हंडा उचलला आणि ती निघून गेली.

"मी संपलो जी मास्तर. जिंदगीभर दुसऱ्याचंच बोललो. आता आपलं बोलाले गेलो, तं आत काहीच नाही. एक वाक्य द्या. पाया पडतो तुमच्या... एकच."

मास्तरांनी तोंड उघडलं.

नरेशची मान आपोआप वाकली. कान खाटेकडे वळला.

मास्तरांनी तोंड मिटलं.

...

साडेतीन वाजले होते. सिंदेवाही दीड तासावर. रात्री दहाचा प्रयोग कुरखेड्याच्या बाजूला, म्हणजे नेमका उलट दिशेला. तरी आत्ता उठला असता तर सिंदेवाहीहून परतून त्याला प्रयोग गाठता आला असता. नरेशनं ते सकाळीच जुळवून ठेवलं होतं.

खिशातला फोन वाजला. त्यानं कानाला लावला. पलीकडचा आयोजक इतका मोठ्यानं बोलत होता की खाटेपर्यंत ऐकू आलं.

"नरेशभाऊ, सातच्या उद्घाटनाले तुमीच पायजे बरं! लोकं आतापासून पोत्याचे बोरे आथरून जागा धरून रायले!"

"अरे, पोचलोच समजा! सात कायचे? साडेसहालेच येतो. हार तयार ठेवा, बाकी माझ्यावर सोडा!"

आवाज खणखणीत. हसूसुद्धा आलं त्यात. नरेशनं फोन खिशात टाकला, बाहीनं नाक पुसलं आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या.

मग त्याचा हात थांबला...

मास्तर पुन्हा खाटेवर बसले होते. त्यांनी भाजीची काडी उचलली.

"हे वाक्य तुले कोनं देल्लं गा?"