अण्णासाहेबांचं सगळ्यात वरचं उत्तर

कुंडीकट्टा हा गच्चीवर बाग करणाऱ्यांचा ऑनलाइन कट्टा. ज्या उत्तराला जास्त अंगठे, ते सगळ्यात वर. सोय चांगलीच, पण माणसं वाचतील तर ना! कट्ट्याचे संस्थापक अण्णासाहेब खरवंडीकर काहीही लिहोत, धडाधड अंगठे पडायचे. "लिंबाची पानं पिवळी पडली? भरपूर पाणी घाला," असं त्यांनी ठोकून दिलं आणि निम्म्या कट्ट्याची लिंबाची झाडं मुळापासून कुजली. "आधी पाणी थांबवा," असं कळवळून सांगणारं उत्तर तळाशीच पडून राहिलं.

कट्टा सांभाळणाऱ्या सुनेत्राबाई उपासे वैतागल्या. "अण्णासाहेब, मत देईपर्यंत उत्तर देणाऱ्याचं नाव झाकून ठेवू या."

"म्हणजे माझी माणसं न वाचता मत देतात? हा त्यांचा अपमान आहे. सिद्ध करून दाखवा!"

"दाखवते. जास्वंदीच्या कळ्या गळतात, असा प्रश्न आलाय. त्याखाली फक्त 'उत्तर उद्या लिहितो' एवढंच लिहा."

अण्णासाहेबांनी हसत हसत लिहिलं. संध्याकाळी पाहतात तर तेच वाक्य सगळ्यात वर! खाली कौतुकाचा पूर. "नेहमीप्रमाणे अचूक!" "अगदी तसंच केलं, कळ्या गळायच्या थांबल्या!"

अण्णासाहेबांचा पारा चढला. "काय मूर्ख माणसं आहेत! एकजण धड वाचत नाही!"

"हेही तुमच्या नावानं टाका," सुनेत्राबाई म्हणाल्या. "सगळ्यात वर जाईल."