चार दालनांचं पोट

फार पूर्वी, जनावरांची पोटं नवीकोरी होती आणि त्यांचा माज त्याहून नवा होता, तेव्हाची ही गोष्ट. हौसा म्हैस आपलं चार दालनांचं पोट मिरवत तळ्यात डुंबायला आली. पाण्यात एक अमीबा शेवाळाच्या कणाभोवती अंग गुंडाळून निवांत जेवत होता.

"अगंबाई! ना तोंड, ना आतडं, एका पेशीत सगळा संसार!" हौसा फिस्कारली. "माझ्याकडे बघ, पेशींची गणती नाही. एकपेशी फाटक्यांनी माझ्याजवळ राहायचं नाही. चला, चालते व्हा सगळे!"

अमीबाने अदबीने विचारलं, "सगळे म्हणजे सगळेच का, हौसाबाई?"

"एकूण एक!"

आता हौसाच्या पहिल्याच दालनात चारा आंबवून मऊ करणारे लाखो जीव राहत होते. तेही एकपेशीच. मालकिणीच्या शब्दाला मान देऊन त्यांनी हातातलं काम टाकलं आणि गाठोडी बांधायला घेतली.

दुपारपर्यंत हौसाचं पोट दगडासारखं घट्ट झालं. कडबा होता तिथेच होता आणि तिच्या अगणित पेशी उपाशी बसल्या होत्या.

"अरे, काहीतरी कर!" ती अमीबापुढे कण्हली.

"मी काय करणार? मला ना तोंड, ना आतडं. तुम्हाला तोंड आहे ना बाई, मग आतल्यांची विनवणी करा."

हौसाने केली. आतले कामाला लागले, पण गाठोडी काही त्यांनी सोडली नाहीत. म्हणून म्हैस आजही बसल्या बसल्या तोंड हलवत असते. लोक म्हणतात, रवंथ करते आहे. कसला रवंथ? माफी मागते आहे बिचारी!