बुडापासून विणलेलं देवाचं घर

ख्रिस्तभक्त शांतवनमहाराज कीर्तनं करीत गावोगाव फिरत, तेव्हाची ही गोष्ट. श्रावणातल्या एका दुपारी महाराजांची बैलगाडी प्रवरेच्या काठाने चालली होती. सोबत पेटी वाजवणारे अमोलिक मास्तर. वळणावर वेळूचं बन लागलं आणि बनाशेजारी, अहो काय सांगावं! धान्याच्या कणगीसारखं गोल, विणलेलं एक चर्च. वर चिमुकला क्रूस, आणि वाऱ्याने कलंडू नये म्हणून दोरखंडाने चिंचेला बांधलेलं!

ते गावातल्या सगुणाबाईंनी एकटीने विणलं होतं. बाई बुरूडकाम करायच्या. गवंडीकाम येईना, दगड परवडेना. हाताला विणणं तेवढं येत होतं. तीन वर्षं वेळूच्या कामट्या तासल्या, विणल्या, वरून शेणाचा लेप दिला. पण आत अजून एकही प्रार्थना झाली नव्हती. गावातली भाविक माणसं म्हणत, आधी कुणी जाणत्याने याला देवाचं घर म्हणावं, मग आम्ही येऊ. म्हणून महाराज दिसताच बाईंनी धावत येऊन पदर पसरला.

मास्तर दारातून डोकावले. "बाई, याला खाली बूड कशाला?"

"टोपली बुडापासूनच विणतात, दादा. मला दुसरी रीत ठाऊक नाही."

मास्तर पोट धरून हसले. "घराला पाया असतो. कोंबड्या डालायच्यात का हिच्यात?" दार गुडघ्याच्या वर कापलेलं, तेही ठेंगणं. ते पाहून तर मास्तरांनी सांगूनच टाकलं, वाकून शिरावं लागतं तिथे आपण जात नसतो.

बाईंची तीन वर्षं एका हसण्यात गेली!

महाराजांनी मात्र वहाणा काढल्या. महाराज म्हणाले, "आई, येत होतं ते सगळं देवाला दिलंत. आता आम्हांला आत घ्या."

ते वाकून शिरले. मागोमाग गावातली दहा-बारा माणसं शिरली. मास्तर गाडी सोडून वाळूत आडवे झाले.

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि नदी गरजली. वर डोंगरात कोसळलेला पाऊस लोंढा होऊन आला होता. बैल टेकाडाकडे पळाले, गाडी पेटीसकट वाहून गेली, मास्तर छातीभर पाण्यात! धडपडत ते वर चर्चपाशी आले; तिथे पाणी अजून दाराच्या खालीच होतं. दारातून घट्टे पडलेला एक हात पुढे आला.

"या दादा. वाका."

मास्तर रांगत आत आले.

शेणाचा लेप पाण्यात विरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी तो विरला नाही. महाराज डोळे मिटून बसले होते. बूड हललं आणि अख्खं चर्च बदकासारखं अलगद वर उचललं गेलं! दोरखंड ताणला, चिंच करकरली, पण एक कामटी सुटली नाही. ज्या बुडाला हसले, तेच दोन्ही हातांनी धरून मास्तर बसले होते.

संध्याकाळी पाणी ओसरलं. चर्च होतं तिथेच टेकलं. सगळे बाहेर आले. मास्तरांनी सगुणाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई संकोचून मागे सरल्या.

महाराज म्हणाले, "प्रार्थना अर्धी राहिली आहे, मास्तर. देवाच्या घरी ती पुरी करायला हवी."

मास्तर उठले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या आधी तेच दारापाशी गेले आणि वाकले.