नुसता बसलेला डबा

इचलकरंजीच्या साडी-डिझाइन शाळेसाठी कॉम्प्युटर जुळवायचा होता. अध्यक्ष दौलतरावांनी सगळे भाग भारीतले निवडले. सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र अगदी हलका. मागचा असाच हलका सप्लाय जळला, तेव्हा मुलींची वर्षभराची डिझाइनं गेली होती. दुकानदार मीनल हुपरीकरांनी त्याची आठवण दिली.

दौलतराव गुरकावले, "हा डबा ना गणित करतो, ना चित्र काढतो. नुसता बसून असतो. तो चांगला कशाला हवा?"

मीनलताई शांतपणे म्हणाल्या, "शाळेत शिकवतात बाई, चित्रं काढतात मुली. मग साहेब, अध्यक्ष तरी चांगला कशाला हवा?"

दौलतरावांनी तो हलका डबा बाजूला सारला.

"भारीतला द्या," ते म्हणाले. "आणि जळालेला मीच निवडला होता, हे मुलींना मीच सांगतो."