तितरीण आणि शिकारी मंडळ

फार जुन्या काळी एका माळावर कोल्हा, मुंगूस आणि रानमांजर यांचं शिकारी मंडळ होतं. तितरांच्या शिकारीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका उन्हाळ्यात मात्र माळावर तितरांचं एकच घरटं उरलं. तितरीण सात अंडी उबवत बसली होती, तेवढ्यात तिघेही समोर येऊन उभे राहिले. ती जागची हलली नाही.

"बस बाई, आम्ही राखणीला आलोय," कोल्हा म्हणाला.

तिचा विश्वास बसेना. पण मुंगसाने खरोखरच अंड्यांवर आलेल्या नागाला हुसकावलं. वणवा पेटला, तेव्हा तिघांनी भोवतालचं गवत उपटून आगीची वाट अडवली. त्यात रानमांजराच्या मिशा होरपळल्या आणि बाकीचे दोघे आठवडाभर हसत राहिले.

पिल्लं बाहेर आल्यावर तितरिणीने विचारलं, "एवढं आमच्यासाठी का केलंत?"

"खोटं कशाला बोलू? आमच्याच पोटासाठी," कोल्हा म्हणाला. "थंडी पडली की शिकार सुरू."

तितरिणीने तिघांचे मनापासून आभार मानले आणि त्याच सकाळी पिल्लांना उडायला शिकवायला घेतलं.