म्हाळूने सांभाळलेली कर्टुल्याची वेल

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, गावात म्हाळू नावाचा एक भोळा नवरा होता, आणि एका संध्याकाळी त्याच्या परसात चार खड्डे होते.

खड्डे लहानच होते. पण म्हाळूची बायको रेवती कुकरच्या शिट्टीलाही दचकायची. ती शिकलेली होती. तालुक्याच्या कॉलेजात झाडापानांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळच्या एसटीने यायची. खड्डे बघून तिने हातातली पिशवी खाली ठेवलीच नाही.

"अहो, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस," म्हाळू म्हणाला. "जे नुसतं वाढतंय आणि कामाचं नाही, ते उपटून टाका."

"मी गवताबद्दल म्हणत होते!"

"मी एकेकापाशी बसून बघितलं. या चार वेलींना एक फळ नव्हतं. नुसती फुलं. उपटल्या."

रेवती मटकन ओट्यावर बसली. कर्टुल्याचं असं असतं की नराची वेल वेगळी आणि मादीची वेगळी. नराला फक्त फूल येतं. फळ धरतं मादीला, पण नराचं फूल तिच्या फुलाला टेकवल्याशिवाय तेही धरत नाही. म्हाळूने उपटले ते चारही नर होते. मांडवावर मादी एकटी राहिली होती; तिच्या कळ्यांखाली इवल्या फळासारखे काटेरी गोळे होते, म्हणून ती वाचली.

आणि ही मादी साधीसुधी नव्हती. रेवतीच्या माहेरच्या डोंगरावर बुटकी, काट्याकाट्यांची, खमंग कर्टुली व्हायची. तशी दुसरीकडे कुठेच होत नसत. त्या डोंगरावर आता रिसॉर्ट आहे. 'या, निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी आहे. निसर्ग कुठे गेला ते पाटीवर लिहिलेलं नाही. जेसीबीने उकरलेल्या मातीत रेवतीला एकच कंद सापडला होता. तो तिने पदराखाली झाकून आणला, परसात लावला, तीन वर्षं जपला. यंदा त्याची वेल पहिल्यांदा फुलणार होती, आणि यंदाच कंद एका बाजूने कुजायला लागला होता. त्या जातीचा नर जगात राहिला नव्हता. म्हणून तिने शेजारच्या डोंगरांवरून चार नर आणले होते. संकर तर संकर. बी धरलं तर निम्मं वाण तरी वाचेल.

"अहो, ते नर होते," ती रडवेली होऊन म्हणाली. "नर फळत नाही, पण असावा लागतो. फळत नाही म्हणून उपटायचं नाही. उलट सकाळ-संध्याकाळ त्याच्या मुळाशी पाणी घालायचं."

कुंपणापलीकडून पारूबाई म्हणाली, "बरोबर आहे गं बाई. फळत नाही म्हणून उपटायचं ठरलं, तर माझ्या घरात कोण उरंल?"

म्हाळू म्हणाला, "बरं. लक्षात ठेवतो."

लक्षात ठेवायला तो पक्का होता. तीच अडचण होती.

दुसऱ्या दिवशी शेतीखात्याचे साहेब आले. रेवतीने वर्षभर अर्ज केले होते, तेव्हा ते आले. रोपवाटिकेतला एक नर देतो म्हणाले होते. आले, खाटेवर बसले, बूट काढले, चहाची वाट बघत वहीत काहीबाही लिहू लागले. म्हाळूने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग गावात पाच-सहा जणांना विचारून आला, "हे साहेब इतकी वर्षं येतात, त्यांचं काही फळ दिसलं का?" सगळे म्हणाले, "छे!"

म्हाळूने विहिरीवरून घागर आणली आणि साहेबांच्या पायांवर ओतली. मग दुसरी आणली.

"अरे, अरे! हे काय?"

"राहू द्या, साहेब. तुम्ही फळत नाही, पण असावे लागता."

संध्याकाळी रेवती आली तेव्हा साहेब हातात बूट घेऊन एसटीच्या थांब्यावर उभे होते. "नर मिळणार नाही," ते म्हणाले. "टॉवेल असला तर द्या."

"अहो, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस."

"अहो, दारी आलेल्याशी असं वागतात का? दारी कोणी आलं की तोंडभरून 'या' म्हणायचं. सावलीत बसवायचं. घरात जे चांगलं असेल ते पुढे करायचं. पोट भरेपर्यंत उठू द्यायचं नाही."

"बरं. लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी दारी पारूबाईची शेळी आली.

"या," म्हाळू तोंडभरून म्हणाला. शेळी बिचकली. असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हाळूने तिला मांडवाच्या सावलीत उभं केलं आणि घरात काय चांगलं आहे याचा विचार केला. भाकरी शिळी होती. गूळ संपला होता. घरात सगळ्यात चांगली गोष्ट कोणती, हे त्याला रेवतीनेच कितीदा सांगितलं होतं. त्याने वेलीचा शेंडा वाकवून शेळीपुढे धरला.

शेळी मधेच जायला निघाली तर म्हणाला, "अहं, लाजायचं नाही. अजून थोडं."

संध्याकाळी मांडवावर एकच फांदी होती. तिच्यावर एकच कळी होती.

रेवती तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "अहो, वेलीच्या जवळ कोणी आलं की हाकलायचं! हातात काठी घ्यायची, हुर्रर्र करायचं, बांधापलीकडे घालवून यायचं. कितीही गरीब तोंड केलं तरी ऐकायचं नाही."

"म्हणजे 'या' म्हणायचं नाही?"

"नाही!"

"मग कालचं?"

"कालचं माणसांसाठी होतं!"

"तुझं रोज बदलतं गं," म्हाळू म्हणाला. "पण असू दे. शेवटचं सांगितलेलं धरून चालतो."

त्या रात्री रेवतीने घाटावरच्या मामांना फोन केला. मामांच्या बांधावर एक जुना नर होता. मामा म्हणाले, "कळी कधी फुलंल?" ती म्हणाली, "परवा दिवेलागणीला. एक संध्याकाळ उघडी राहील, सकाळी मिटेल. त्याआधी उद्या येऊन वेल बघून जा." मामा म्हणाले, "येतो की."

मामा आले. डोक्यावर पांढरा फेटा, तोंडावर हसू, हातात जावयासाठी आणलेला चिवडा. म्हाळूने काठी घेतली.

"हुर्रर्र!"

"अहो जावई, मी मामा! वेल बघायला आलोय!"

वेल म्हटल्यावर तर विषयच संपला. म्हाळू त्यांना बांधापलीकडे, ओढ्यापलीकडे, पार फाट्यापर्यंत घालवून आला. मामांनी गरीब तोंड केलं. म्हाळूने ऐकलं नाही.

संध्याकाळी रेवतीने स्पीकर लावून मामांची शंभरदा माफी मागितली. मामा पलीकडे फणफणत होते. "पुतण्याच्या लग्नातसुद्धा मला कुणी असं हाकललं नाही, आणि तिथं मी आहेराशिवाय गेलो होतो!" शेवटी मऊ झाले. "जाऊ दे. पोरीच्या वेलीचा प्रश्न आहे. उद्या फुलं घेऊन येतो. माझा नर लई म्हातारा आहे. माझ्या बापाच्या हातचा. पण अजून फुलतो."

फोन ठेवल्यावर रेवती नवऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "अहो, वडीलधारी माणसं आहेत ती. खरं तर म्हाताऱ्या माणसांना आपल्या दारी खेटे घालायला लावूच नये. धाकट्याने उठून त्यांच्या दारी जावं. आणि गेल्यावर ते काय म्हणतील त्याला हो म्हणावं. उलट शब्द काढू नये. कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला. "हे सगळ्यात सोपं आहे."

पाचव्या दिवशी रेवतीचं कामात लक्ष लागेना. तिने काचेची एक पट्टी फोडली. दुपारी म्हाळूला फोन केला. रिंग वाजत राहिली. मामांना केला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा म्हाळूला केला. तिने अर्धी रजा टाकली आणि चारची एसटी धरली. गाडीतही करतच राहिली. शेजारची बाई म्हणाली, "कोणी आजारी आहे का गं?" रेवती म्हणाली, "अजून नाही."

घरी पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ओट्यावर मामा बसले होते. पळसाच्या द्रोणात नराची पिवळी फुलं, वर ओलं फडकं. म्हाळूचा फोन देवळीत वाजून वाजून गप्प झाला होता.

"ये गं पोरी," मामा म्हणाले. "केव्हाचा बसलोय. फुलं ताजी आहेत. पण तुझी मादी कुठाय?"

मांडव रिकामा होता. बुंध्यापाशी माती नीट उकरून बाजूला लावली होती. म्हाळू काम नीटच करायचा.

कुंपणापलीकडून पारूबाई म्हणाली, "सकाळीच गेला की टोपलं घेऊन. वेल गुंडाळून टोपल्यात ठेवली होती, कंदासकट. म्हटलं, कुठं रं? तर म्हणे, मामांचा नर म्हातारा आहे. त्यानं घाट उतरून यायचं, हे बरं दिसत नाही. आपली वेल तीन वर्षांची. धाकट्यानंच जायचं असतं."

रेवतीने मामांकडे बघितलं. मामांनी द्रोणाकडे बघितलं.

"अजून उशीर नाही झाला," रेवती घाईघाईने म्हणाली. "नर तिथेच आहे. फूल संध्याकाळी उघडेल. फुलाला फूल लावायचं, एवढंच तर आहे. मामी घरी आहेत ना? त्यांना सांगते."

तिने मामींना फोन लावला. रिंग गेली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मामा म्हणाले, "ती चुलीपाशी असली की तिला ऐकू येत नाही." पुन्हा लावला. सहाव्यांदा रिंग संपता संपता पलीकडून आवाज आला.

"हॅलो! रेवती का गं? किती गुणाचा तुझा नवरा! एवढ्या लांबून रिकाम्या हाताने आला नाही. घरच्या कर्टुल्याची वेल घेऊन आला, कंदासकट! मी म्हटलं, जावई, शेंडे चिरू का? म्हणाले, हो. म्हटलं, कंदाची कुजकी बाजू काढून बाकीचा उकडू का? म्हणाले, हो. एका शब्दाने उलट बोलले नाहीत बघ. थांब, जेवतायत, देते हं."

खरकट्या हाताने फोन घेतल्याचा आवाज आला.

"मीठ जरा कमी आहे," म्हाळू हळूच म्हणाला. "पण मी काही बोललो नाही."