मुंगसाची शिक्षा

फार जुनी गोष्ट. एका रानात लांडग्याचं राज्य होतं. रोज संध्याकाळी तो कुणाला तरी कड्यावरून ढकलायचा आणि ते बघायला सगळं रान लोटायचं.

एकदा त्याने मुंगसाला उभं केलं. "टिटवीची अंडी यानेच खाल्ली!"

खार दचकली. कावळ्याला अंडी पळवताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती बोलायला उठली, तशी शेजारची साळुंकी म्हणाली, "गप बस गं, आता तर खरी मजा आहे!"

खार बसली. मुंगूस दरीत गेलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, तिनेही पिटल्या.

मुंगूस उरलं नाही हे नागाला कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी तो खारीच्या ढोलीत शिरला. आत तिची पिल्लं होती.

"धावा हो, धावा!" खार किंचाळली.

सगळं रान धावत आलं आणि नीट दिसेल अशा जागा धरून बसलं.